मॉक ड्रिल, लाइफ जॅकेट आणि सरकारी निधी: मुंबईतल्या नव्या स्वयंसेवक गटांसाठी

आमच्या गटाची पहिली बारा लाइफ जॅकेटं मी नागदेवी स्ट्रीटवरून टॅक्सीच्या टपावर बांधून आणली. मे महिना संपत आला होता, मिठीचं पाणी कधी चढेल याचा भरवसा नव्हता, आणि आमचं छोटं अनुदान "झालंच आहे, फक्त सही बाकी आहे" असं एका कार्यालयातून तोंडी कळलं होतं. सही जूनमध्ये झाली. बिलावर तारीख मेची. तिथल्या लेखा शाखेतल्या बाईंनी बिल उलटंपालटं करून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "दादा, मंजुरीआधीची खरेदी यात बसत नाही." ती बारा जॅकेटं शेवटी वर्गणीतून गेली आणि गणपतीच्या मांडवाचा खर्च त्या वर्षी आखडता घ्यावा लागला.

मी कुर्ल्यातल्या एका मंडळाचा खजिनदार. मंडळातल्याच पंचवीसेक पोरापोरींचा आपत्तीत धावून जाणारा गट आहे. तुम्हीही मंडळ, सोसायटी किंवा छोटा ट्रस्ट चालवत असाल आणि सरावासाठी, साहित्यासाठी सरकारी मदत मिळते का हे शोधत असाल, तर पुढचं वाचा. एकच गोष्ट पक्की धरा: काम सुरू करताना शेवटचा कागद डोळ्यांसमोर हवा. शेवटचा कागद म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, मिळालेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असं लिहून देणारा. त्यात जे लिहिता येणार नाही, ते आज विकत घेऊ नका.

१. आधी ठरवा: पैसे हवेत की साहित्य आणि प्रशिक्षण

नवा गट सरळ "आम्हाला निधी द्या" असा अर्ज घेऊन जातो. तिथेच निम्मी दारं बंद होतात. आपत्तीच्या तयारीचा बहुतेक सरकारी पैसा खासगी गटाच्या खात्यात जमा होत नाही. तो जिल्हा, महापालिका किंवा राज्य यांच्या यंत्रणेतून खर्च होतो आणि तुमच्यापर्यंत प्रशिक्षण, किट किंवा वापरायला दिलेलं साहित्य या रूपात पोचतो. यात कमीपणा काही नाही. उलट खरेदीची, ऑडिटची, परताव्याची कटकट वाचते.

म्हणून आधी यादी करा. प्रशिक्षण हवं का, अंगावर घालायचं साहित्य हवं का, गटाने मिळून वापरायचं अवजड साहित्य हवं का, की फक्त सरावाचा खर्च हवा? प्रत्येकाचं दार वेगळं.

२. पैसा कुठून निघतो ते समजून घ्या

आधी एक गोंधळ मिटवू. एनडीआरएफ म्हणजे केशरी गणवेशातले जवान, आणि एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी. दोन्हींची आद्याक्षरं तीच. राज्याच्या एसडीआरएफचंही तसंच: एक दल आणि एक निधी. अर्जात नुसतं "एसडीआरएफ" लिहिलंत तर वाचणारा वैतागतो. "राज्य आपत्ती प्रतिसाद निधी" असं पूर्ण लिहा.

हे निधी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधून आले. कलम ४६ मध्ये राष्ट्रीय प्रतिसाद निधी आहे, कलम ४८ मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवरचे निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीत १,६०,१५३ कोटी रुपये धरले. त्यातले ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका आधीच कमी करण्याच्या कामांसाठी. आपल्या कामाचा आकडा या ८० टक्क्यांच्या पोटात आहे: ४० टक्के मदतकार्य, ३० टक्के पुनर्बांधणी आणि १० टक्के पूर्वतयारी व क्षमताबांधणी. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. २०२६ नंतरच्या काळाला पुढच्या आयोगाचे आकडे लागू होतात, तेव्हा जुना आकडा अर्जात उतरवू नका.

त्या १० टक्क्यांतून राज्य आपत्ती प्राधिकरण, प्रशिक्षण संस्था, प्रशिक्षणं आणि आपत्कालीन प्रतिसादाच्या सोयी यांना बळ द्यायचं असतं. खर्चाचा निर्णय मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य कार्यकारी समितीच्या हाती. म्हणजे तुमच्या मंडळाने मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाच्या दारात उभं राहून फारसं हाती लागत नाही. तुमची गरज जिल्ह्याच्या किंवा महापालिकेच्या प्रस्तावात शिरली पाहिजे.

मुंबईत दोन जिल्हे आहेत, हे इथे जन्मलेलेही विसरतात. धारावी, सायन, माहीमपर्यंत मुंबई शहर, जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या जकात घरात. वांद्रे, कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर, कार्यालय वांद्रे पूर्वेला. आमचा पहिला अर्ज फोर्टात गेला होता. कुर्ल्याचा अर्ज! तीन आठवडे गेले आणि "संबंधित नाही" असा शेरा घेऊन परत आला. त्यात आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणून अर्जाची प्रत दोन्हीकडे द्या: तुमच्या वॉर्ड ऑफिसला आणि तुमच्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेला.

बाकीची दारं थोडक्यात. आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असा तिचा विस्तार झाला. वय १८ ते ४०, बारा दिवसांचं प्रशिक्षण, नंतर किट आणि विमा. एनसीसी, एनएसएस, स्काऊट-गाईड यांच्यातल्या मुलांसाठी युवा आपदा मित्र आहे. गटात कॉलेजची मुलं असतील तर त्यांना त्यांच्या कॉलेजच्या एनएसएस युनिटमधून पाठवणं सोपं. नागरी संरक्षण दल हा तिसरा रस्ता. ते १९६८ च्या कायद्याने चालतं आणि २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनही त्याच्या कामात आलं. महापालिकेची आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था परळला आहे, तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी वॉर्डातूनच करा.

आमदार निधीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यातून साहित्य मागताना एवढं समजून चला की वस्तू बहुधा शासकीय किंवा महापालिकेच्या मालकीची राहते आणि तुम्ही फक्त वापरणारे. नळबाजारात जाऊन आपल्या मर्जीने खरेदी करण्याची मुभा नसते. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, हा सरकारी पैसा नव्हे, पण आपत्ती व्यवस्थापन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत २०१९ पासून आहे. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते.

सोसायटीवाल्यांसाठी कडू बातमी: इमारतीतली अग्निशमन यंत्रणा आणि तिची देखभाल यासाठी अनुदान शोधत बसू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ने ती जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीचं नमुना 'ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तो खर्च मेंटेनन्समधूनच जाणार.

३. गटाचे कागद आधी घासूनपुसून ठेवा

पैसा मागा किंवा साहित्य, समोरचा विचारणार: तुम्ही कोण? पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप हा कायद्याने कोणीच नसतो. फाईलमध्ये हे हवं:

- नोंदणी प्रमाणपत्र: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही झाली असेल तर तेही
- घटना किंवा नियमावलीची प्रत, उद्दिष्टांच्या पानावर खूण करून
- विश्वस्तांची सध्याची नावं दाखवणारा पीटीआर (सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदवही) उतारा
- संस्थेचं पॅन आणि संस्थेच्याच नावाच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब
- दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक, केंद्राच्या पैशासाठी
- कार्यकारिणीचा ठराव: अर्ज कशासाठी, सही कोणाची
- स्वयंसेवकांची यादी: वय, रक्तगट, झालेलं प्रशिक्षण, घरच्यांचा फोन

यात सगळ्यांत जास्त फाईली अडतात त्या पीटीआर उताऱ्यावर. मंडळाची कार्यकारिणी दर दोन-तीन वर्षांनी बदलते, पण धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज कोणी करत नाही. कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत करायचा असतो. आमच्या उताऱ्यावर विश्वस्त म्हणून जी सात नावं होती, त्यांतले दोघं वारले होते, एक कायमचे सिंधुदुर्गात गेले होते आणि मी, म्हणजे सही करणारा खजिनदार, त्या कागदावर नव्हतोच. उशीर माफ करून घेऊन बदल अर्ज मंजूर व्हायला आम्हाला वर्ष लागलं. आज हा लेख वाचून तुम्ही एकच काम करणार असाल तर तो उतारा काढून आणा.

दुसरं, उद्दिष्टं. घटनेत "सांस्कृतिक व क्रीडाविषयक कार्य" एवढंच असेल तर आपत्तीचं साहित्य का मागताय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. "समाजसेवा" या शब्दावर निभावतं कधीकधी. कधीकधीच.

४. प्रस्ताव: दोन पानं, एक तक्ता

प्रस्तावनेत २६ जुलै २००५ आणि सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस सगळेच लिहितात. वाचणाऱ्याला तो पाठ आहे. त्यापेक्षा तुमच्या गल्लीचं लिहा. पाणी पहिल्यांदा कुठे साचतं, किती घरं तळमजल्याची, किती म्हातारी माणसं एकटी राहतात, दरड किंवा संरक्षक भिंत कुठे आहे, ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत आत येते. हाताने काढलेला नकाशा जोडलात तरी चालेल. आमच्या प्रस्तावावर पहिला चांगला शेरा पडला तो असाच नकाशा पाहून.

मग तक्ता: वस्तू, संख्या, ती संख्या का, मानक, अंदाजे दर, कोण वापरणार, कुठे ठेवणार. "संख्या का" हा रकाना सोडू नका. पंचवीस स्वयंसेवक आहेत म्हणून पंचवीस जॅकेटं मागितली की लगेच प्रश्न: पंचवीस जण एका वेळी पाण्यात उतरणार आहेत का? पाळीने उतरणार असतील तर बारा पुरतात.

तारखेचं गणित महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये सगळी यंत्रणा पावसाळ्याच्या बैठकांत बुडालेली असते, नवी फाईल कोणी उघडत नाही. मार्चमध्ये पैसा संपवण्याची धावपळ असते आणि ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्ज द्या. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे कोणीही विचारलं तर "मागच्या महिन्यात दिलाय" चालत नाही, आवक क्रमांक चालतो.

५. साहित्याची यादी: आधी पायाखालचं, मग दिखाऊ

आपदा मित्रच्या किटमध्ये काय असतं ते बघून यादी करा: लाइफ जॅकेट, हेल्मेट, गमबूट, हातमोजे, गॉगल, शिट्टी, दोर, टॉर्च, प्रथमोपचार पेटी. हेल्मेटवर आयएस (भारतीय मानक) २९२५, सुरक्षा बुटांवर आयएस १५२९८, अग्निशामक नळकांड्यावर आयएस १५६८३ बघून घ्या आणि तक्त्यातही लिहा. मानक लिहिलं नाही तर खरेदी समिती सर्वांत स्वस्त घेते. मग हेल्मेट म्हणून प्लॅस्टिकची टोपली येते.

बोट मागू नका, निदान पहिल्या वर्षी. नवा गट बोटीच्या प्रेमात पडतो. ती ठेवायला जागा लागते, चालवायला शिकलेला माणूस लागतो, आणि मुंबईच्या गल्लीतलं कमरेएवढं पाणी बोटीपेक्षा दोराने लवकर पार होतं. इथला खरा मारेकरी आहे उघडं मॅनहोल. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहराने ते पाहिलं. आमच्या गटाचं सर्वांत उपयोगी साहित्य म्हणजे सहा फुटी बांबू, पुढे ठोकत चालायला. तो कुठल्याही सरकारी यादीत मला सापडलेला नाही. मांडवाचे उरलेले वापरतो.

वॉकी-टॉकी लिहिण्याआधी थांबा. बिनतारी संचाला परवान्याचे नियम आहेत. ऑनलाइन स्वस्तात दिसतो म्हणून यादीत टाकलेला संच पुढे सगळी फाईल अडवतो.

आणि देखभाल. नळकांडं पुन्हा भरणं, जॅकेटचे पट्टे बदलणं, टॉर्चचे सेल हा आवर्ती खर्च. अनुदान बहुधा एकदाच, वस्तूसाठी मिळतं. पुढच्या वर्षीचा पैसा कुठून येणार हे प्रस्तावात स्वतःहून लिहा. आम्ही "मंडळाच्या वार्षिक वर्गणीतून" लिहिलं आणि त्याचा ठराव जोडला.

६. सराव: कागदावर उमटला नाही तर झालाच नाही

सरावाला मोकळ्या मैदानावरच्या तमाशाचं रूप देऊ नका. आधी टेबलावरचा सराव घ्या. सगळे जण नकाशाभोवती बसतात, एक जण प्रसंग वाचतो ("रात्री अडीच वाजता, भरती, नाल्याचं पाणी शाळेच्या फाटकाशी"), आणि प्रत्येकाने आपण काय करू ते सांगायचं. याला खर्च चहाचा. पण खरी भगदाडं इथेच कळतात. आमच्याकडे शाळेची किल्ली तीन जणांकडे होती आणि तिघंही त्या काल्पनिक रात्री गावाला गेलेले निघाले.

मग प्रत्यक्ष सराव. वॉर्ड ऑफिस, पोलीस ठाणे आणि जवळचं अग्निशमन केंद्र यांना आधी लेखी कळवा. सरावाच्या दिवशी सकाळी महापालिकेच्या १९१६ वरही सांगा. चाळीत, इमारतीत नोटीस लावा, आणि मराठी-हिंदी दोन्हींत "सराव" हा शब्द मोठा लिहा. धूर दिसला की कोणीतरी १०१ लावतोच.

उंचीवरून उडी, दोरावरून उतरणं असले प्रकार स्वयंसेवी गटाने करूच नयेत. २०१८ मध्ये कोइमतूरच्या एका कॉलेजात सरावादरम्यान दुसऱ्या मजल्यावरून खाली ढकललेली १९ वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. प्रशिक्षक स्वतःला राष्ट्रीय प्राधिकरणाचा म्हणवत होता आणि प्राधिकरणाने तो आपला नसल्याचं सांगितलं. प्रशिक्षकाचं पत्र मागा, पत्रावरच्या कार्यालयाला फोन करा. यात लाजायचं काय? एक जण फक्त सुरक्षेवर नेमा. त्याने "थांबा" म्हटलं की सगळं थांबतं, पाहुणे आलेले असले तरी.

अहवालासाठी त्याच दिवशी गोळा करा: सह्यांची हजेरी, सुरू-संपण्याची वेळ, तारखेसह फोटो, काय चुकलं याची नोंद. चुका लपवू नका. "सर्व सुरळीत पार पडले" असा एका ओळीचा अहवाल वाचून पुढच्या वर्षी साहित्य कशाला लागेल, असंच कोणी म्हणेल.

खर्चाचा सापळा खाण्यापिण्यात असतो. मंजुरीपत्रात अल्पोपाहार लिहिलेला नसेल तर वडापावचं बिल लावू नका. बॅनरचंही तेच. खर्चाच्या एका शीर्षाचे उरलेले पैसे दुसऱ्यावर वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी.

७. खरेदी: तारीख, पक्कं बिल, नोंदवही

क्रम पाठ करा. प्रशासकीय मान्यता, मंजुरीपत्र, मग दरपत्रकं, मग कार्यादेश, मग माल, मग बिल. बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची असली की काय होतं ते वर सांगितलंच.

बिल संस्थेच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह. नागदेवीत, लोहार चाळीत "बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल" असं प्रेमाने म्हणतात. नको. रोख देऊ नका, खात्यातून द्या. तीन दरपत्रकं तीन खऱ्या दुकानांची हवीत. एकाच दुकानदाराने तीन लेटरहेड काढून दिली तर अक्षर, फोन, चुका सगळं सारखं येतं आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं. शासनाने थेट साहित्य दिलं असेल तर खरेदी तेच करतील, तुम्ही फक्त मोजून, तपासून ताबा पावतीवर सही करा. फाटकं असेल तर "फाटकं" असं पावतीवरच लिहा.

माल आला त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद: वस्तू, संख्या, दर, बिल क्रमांक, कुठे ठेवली, कोणाच्या ताब्यात. प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक टाका. सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू तुमची असली तरी पूर्ण तुमची नसते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये नियम २३० सांगतो की अशा वस्तू पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा दुसऱ्या कामाला वळवता येत नाहीत. विसर्जनाला लाइफ जॅकेट वापरायची आहेत? मंजुरीत "सार्वजनिक उत्सवातील सुरक्षा" हे शब्द आधीच घालून घ्या, आम्ही दुसऱ्या वेळी घातले.

८. उपयोगिता प्रमाणपत्र

केंद्राचा पैसा असेल तर सामान्य वित्तीय नियमांतला नमुना जीएफआर १२-अ, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. राज्याच्या पैशाला मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि मंजुरीपत्रातल्या अटी. मंजुरीपत्र मिळालं की अटींखाली लाल पेनाने रेघा मारा आणि तारखा भिंतीवर लावा.

प्रमाणपत्रात रकमेबरोबर ठरवलेलं काम झालं का, हेही लिहावं लागतं: किती जण शिकले, किती सराव झाले. म्हणून हजेरीपट आणि अहवाल. केंद्राच्या अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज परत करावं लागतं, न खर्चलेली रक्कमही. अनुदानासाठी वेगळं खातं ठेवलंत तर व्याज मोजायला सोपं जातं. वर्गणीत मिसळलंत तर माझ्यासारखे दोन रविवार पासबुक घेऊन बसाल. एकाच वस्तूसाठी दोन ठिकाणांहून पैसे घेतलेले नाहीत, असंही लिहून द्यावं लागतं. सीएसआरमधून आलेले गमबूट आणि सरकारी यादीतले गमबूट यांचे क्रमांक वेगळे ठेवा.

प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि पुढचा अर्जही. हिशेब कधीही तपासायला मागू शकतात, म्हणून मूळ बिलं मंडळाच्या कपाटात नकोत, पहिल्या पावसात ते कपाट भिजतं. आमची बिलं प्लॅस्टिकच्या डब्यात, माझ्या घरी चौथ्या मजल्यावर, माळ्यावर आहेत. झेरॉक्स सेक्रेटरीकडे, फोटो दोघांच्या फोनमध्ये. थर्मल कागदावरची बिलं सहा महिन्यांत पांढरी पडतात, त्यांची झेरॉक्स आलेल्या दिवशीच काढा.